पहिल्या वेचणीचा कापूस

शेवंताबाई खोटं बोलली नव्हती. धुळ्यात, देवपूरच्या दवाखान्यात डॉक्टर दीपमालांनी विचारलं, "बाळाच्या बेंबीला काही लावलं होतं का? तेल, हळद, राख?" तेव्हा तिने बिनदिक्कत नाही म्हटलं. यातलं काहीच लावलं नव्हतं. तिने ठेवला होता कापूस, आणि कापूस ठेवणं म्हणजे काय लावणं झालं?

नात नऊ दिवसांची. तिने दूध सोडलं, अंग गार पडलं, तशी सून कामिनी आणि शेवंताबाई तिला घेऊन पिंपळनेरहून धुळ्याला आल्या. दोन दिवस इंजेक्शनं झाली, तरी पोर काचेच्या पेटीत निपचित.

तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या. "हा जंतू झाडापानांवर राहतो. बाळांच्या रक्तात फार क्वचित सापडतो. बहुतेक नमुना घेताना बाहेरून शिरला असेल. खरा असेल तर मात्र औषध बदलावं लागेल."

झाडापानांवर म्हणताच शेवंताबाईला देवापुढचा कापूस आठवला. पहिल्या वेचणीचा मूठभर कापूस देवापुढे ठेवायची त्यांच्या घरची रीत. नाळ ओली दिसली तेव्हा तिने त्यातलाच बोळा बेंबीवर दाबला होता. दुकानातल्या कापसाला दहा हात लागलेले, हा थेट झाडावरचा. त्याहून सोवळं काय असणार? आता कबूल करायचं म्हणजे सुनेच्या तोंडावर. बेंबीला काही लावू नका, असं बाळाला बघायला घरी येणाऱ्या आशाताईने दोघींना बजावलं होतं. कामिनीला सात वर्षांनी ही पोर झाली होती. म्हातारी फार भ्याली, पण डॉक्टर निघाल्या तशी तिने त्यांची बाही धरली.

"मी लायेल व्हता कापूस. बेंबीवर. आमना वावरना."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," एवढं म्हणून त्या लगबगीने गेल्या आणि औषध बदललं.

कामिनी मात्र सासूकडे पाठ करून पेटीशी बसली. दोन दिवस शेवंताबाई जेवणाचा डबा तसाच परत पाठवत राहिली.

तिसऱ्या दिवशी पोर दूध ओढू लागली. तिला पदराआड पाजता पाजता कामिनी खाली मान घालून म्हणाली, "आत्या, तो कापूस मी बी देखेल व्हता. आंघोय घालतांना मीच तो काढा. डॉक्टरसमोर तुम्हनं नाव लेवाले मनं तोंड उघडनं नही."

शेवंताबाईने पदराआडच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"या पोरपेक्षा मी मोठी शे का वं?"