खिडकीतला मुडदा

आमच्या कार्व्हर्स रनमध्ये पोलादाचा कारखाना धडाक्यात चालू होता, तेव्हा वॉल्ट ग्रेबनर नावाचा एक उत्साही माणूस गावात राहायचा. फर्निचरच्या दुकानाच्या जाहिराती काढणं हा त्याचा धंदा. एक दिवस त्याच्या डोक्यात आलं की आपण सिनेमा काढायचा. थडग्यातून उठलेले मुडदे एका शेतघराला वेढा घालतात, एवढीच कथा. पैसे नव्हते म्हणून फिल्म काळी-पांढरी, आणि फिल्म काळी-पांढरी म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक. मुडदे आम्हीच, सगळे गावकरी. माझी थोरली बहीण व्हेरोना घरातली बाई झाली, कारण संवाद पाठ होणारी ती एकटीच होती. तिचा नवरा एमिल हुडाक भट्टीवरची पाळी संपवून थेट चित्रीकरणाला यायचा. त्याच्या तोंडाला काही फासायची गरजच पडत नसे. मी दिवा धरायचे आणि पाकावर बसणाऱ्या माश्या हाकलायचे.

सिनेमाचं नाव ‘कुंपणापाशी कोण’. त्याचं इतकं नाव होईल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. अजूनही पानगळीच्या दिवसांत लांबलांबून लोक येतात आणि त्या शेतघरासमोर मुडद्यासारखे हात पसरून फोटो काढतात. व्हेरोना गेली, वॉल्ट गेला. एमिल आता एक्याऐंशीचा आहे. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दरवर्षी हा सिनेमा लागतो, तेव्हा तो दारात उभा राहून तिकिटं फाडतो, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारतो. आत मात्र कधी बसत नाही. “स्वतःला पडद्यावर बघायचं म्हणजे आरशासमोर बसून जेवल्यासारखं वाटतं,” म्हणतो.

त्याची नात नॅडीन पिट्सबर्गला सिनेमांसाठी मेकअप करते. जखमा, सडलेली कातडी, बाहेर आलेली आतडी हे तिचं रोजचं काम. गेल्या वर्षी एका रविवारी ती जेवायला आली होती. मी कोबी घालून हालुश्की केल्या होत्या, म्हणजे आमच्याकडच्या जाड शेवया. जेवता जेवता एमिलने विचारलं, “नॅडी, खरं सांग. आमचा सिनेमा आज कुणी पहिल्यांदा बघितला, तर घाबरेल?”

“खरंच खरं सांगू, डेडो?”

“आजोबाला खोटं सांगायला पिट्सबर्गहून आलीस का?”

नॅडीनने काटा खाली ठेवला. “नाही घाबरणार. हसतील लोक. एक मुडदा नाक खाजवतो, दुसऱ्याच्या मनगटावर घड्याळ आहे. दफनभूमीच्या मागून दुधाची गाडी जाते. तेव्हा चाललं असेल. आता लोकांनी काय काय बघितलंय.”

“तो घड्याळवाला म्हणजे योसेफ. त्याला पाळीवर जायचं होतं, वेळ बघायला नको?”

“मग तसं सांगा ना लोकांना. सिनेमा थांबवून सांगा.”

एमिलने ताट बाजूला सारलं. हालुश्की अर्ध्याच खाल्ल्या होत्या, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. “पैज लाव,” तो म्हणाला. “हॉलमध्ये एक जरी माणूस ओरडला तर मी जिंकलो. नाही ओरडला तर तू.”

“हरणाऱ्याने काय करायचं?”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत चर्चच्या तळघरात पिरोगी विकायला करतात, तिथलं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात असतं. पिठाच्या पाऱ्यांत बटाटा-चीज भरून कडा चिमटायला माणसं कायम कमी पडतात आणि या दोघांनी आजवर ते काम शिताफीने टाळलं होतं. मी म्हटलं, “हरणाऱ्याने सगळा उपास संपेपर्यंत दर शुक्रवारी माझ्याकडे यायचं. ॲप्रन लावून.”

दोघांचीही तोंडं उतरली, पण मागे कुणी हटलं नाही.

खेळ शनिवारी दुपारी ठेवला. हॉलच्या खिडक्यांना आम्ही काळे पडदे लावले. नॅडीनने तिच्या कामावरची दहा-बारा पोरंपोरी आणली होती, कुणीच हा सिनेमा पाहिलेला नव्हता. बाकी गाव होतंच. एमिल नेहमीप्रमाणे दारात उभा राहणार होता, पण त्याच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. नॅडीनने त्याला हाताला धरून आणलं आणि पाचव्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. दुसऱ्या बाजूला मी, हातात केकची बशी घेऊन.

सुरुवात वाईट झाली. नाक खाजवणारा मुडदा आला आणि मुलं खिदळली. दुधाची गाडी गेली तेव्हा एकाने टाळी वाजवली. योसेफचं घड्याळ चमकलं आणि अख्खा हॉल हसला, योसेफची बायको सगळ्यांत मोठ्याने. शेतघराचा मालक दारात उभा राहून लांबलचक भाषण करतो, तिथे तर एकजण जांभई देताना मी पाहिला. अंधारातही एमिलचे कान लाल झालेले दिसत होते. जिंकत असून नॅडीनला फारसा आनंद होत नव्हता.

मग स्वयंपाकघराचा प्रसंग आला. तिथे संगीत नाही. वॉल्टकडचे पैसे संपले होते आणि वाजवणारे निघून गेले होते. व्हेरोना मोरीपाशी आमच्याकडे तोंड करून उभी आहे आणि भांडी विसळते आहे. नळाचं पाणी, ताटल्यांचा आवाज, बाकी काही नाही. तिच्या पाठीमागे खिडकी, खिडकीत काळोख. बराच वेळ ती नुसती भांडी विसळते. एक कप धुते, उलटा ठेवते. केस कपाळावर आलेत ते ओल्या मनगटाने मागे सारते. आणि कधी आला ते कळत नाही, पण खिडकीत एक माणूस उभा असतो. काच फोडत नाही, हात वर करत नाही. नुसता तिच्याकडे बघत उभा असतो.

हॉलमधलं हसू थांबलं. खुर्च्यांची करकर थांबली. समोरच्या रांगेतल्या एका मुलीने शेजारणीचा दंड धरला. व्हेरोना दुसरा कप उचलते. माणूस काचेच्या जरा जवळ आलेला असतो.

“व्हेरोना, मागे बघ गं.”

आवाज इतका मोठा होता की माझ्या हातातली बशी पडली. एमिल उभा राहिला होता. ऑपरेशनचा गुडघा, काठी, सगळं विसरून ताठ उभा. पडद्यावर व्हेरोना वळली आणि किंचाळली, तशी समोरची मुलगीही किंचाळली, आणि मग कुणाकुणाचं काय झालं ते सांगता येणार नाही.

दिवे लागले तेव्हा एमिल पुन्हा खुर्चीत बसला होता आणि नॅडीनने त्याचा हात धरला होता. “मला वाटलंच नाही तो मी आहे म्हणून,” तो तिला सांगत होता. “कुणीतरी हलकट माणूस तिच्या खिडकीशी उभा आहे, एवढंच दिसलं.”

पैजेचा वाद हॉलबाहेर रस्त्यापर्यंत गेला. नॅडीनचं म्हणणं, पहिला ओरडला तो डेडो, आणि नटाचं ओरडणं कसं धरणार. एमिलचं म्हणणं, समोरची मुलगीही ओरडली. त्यावर नॅडीन म्हणाली, ती सिनेमाला नाही, तुम्हाला घाबरून ओरडली. त्या मुलीलाच विचारलं, तर ती म्हणाली, “मी खिडकीलाच घाबरले होते, यांच्यामुळे फक्त आवाज बाहेर पडला.” निवाडा माझ्यावर आला. मी सांगितलं, दोघंही हरलेत, दोघांनी शुक्रवारी हजर व्हायचं. स्वयंपाकघरात माणसं कमी होती, हेही खरं.

उपासाच्या पहिल्या शुक्रवारी दोघं लांब टेबलापाशी शेजारी शेजारी बसले. नॅडीनची बोटं सराईत, तिच्या पाऱ्यांच्या कडा बघण्यासारख्या. एमिलच्या पिरोग्या पाय फुटल्यासारख्या दिसत होत्या.

“डेडो, अर्धा सिनेमा रद्दी आहे,” नॅडीन म्हणाली. “भाषण तर कापूनच टाकायला हवं. पण ती खिडकी आजही चालते. उद्याही चालेल. मी मोठमोठ्या नटांच्या तोंडावर पाच पाच तास रबर चिकटवते, आणि तरी कुणाला तसं बघता येत नाही. तुम्ही काय केलंत तेव्हा?”

“काय करणार? बाहेर मरणाची थंडी होती. वॉल्टने सांगितलं, हलू नकोस. आत चुलीवर व्हेरोनाने बीटाचं सूप ठेवलं होतं, सगळ्यांसाठी. मला त्याचा वास येत होता. ती भांडी लवकर आवरेल, मला आत घेईल आणि वाटी भरून देईल, म्हणून मी तिच्याकडे बघत होतो.”

नॅडीन हसता हसता टेबलावर वाकली, तिच्या गालाला पीठ लागलं. मग तिने विचारलं, “मग दिलं का आजीने सूप?”

“दोन वाट्या. वॉल्टला एकच,” एमिल म्हणाला आणि त्याने बटाट्याचं सारण पुन्हा जरा जास्तच भरलं.

मी त्याच्या पुढ्यातला ट्रे ओढून घेतला आणि उघड्या राहिलेल्या कडा एकेक करून बंद करायला बसले.