आसागायाचा थांबा

जयप्रकाश शटडाउन प्लॅनर होता. कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीतलं कुठलं युनिट कधी आणि किती तास बंद ठेवायचं, हे मिनिटामिनिटाने कागदावर मांडणं हे त्याचं काम. असा माणूस घरात असला की घरचे एकतर त्याचं सगळं ऐकतात, नाहीतर त्याला काही सांगतच नाहीत. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करणारी त्याची बायको उल्का दुसऱ्या गटातली. मुलगी ओवी अठरा वर्षं पहिल्या गटात राहिली, कारण कुवेतला रेल्वे नाही आणि बसने जयप्रकाश तिला जाऊ देत नसे. शाळा, ट्यूशन, मैत्रिणींचे वाढदिवस, सगळीकडे त्याचीच गाडी. तिचा फोन आला की त्याचं उत्तर ठरलेलं असे. "थांब तिथेच. मी येतो."

अशा मुलीला टोकियोच्या एका डिझाइन कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. कॉलेज आसागाया स्टेशनजवळ. रविवारी दुपारी तीनला मुलाखत, सव्वादोनला नोंदणी बंद, उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाही असं पत्रातच स्पष्ट लिहिलेलं. नेमकं तेव्हाच शटडाउन सुरू होतं आणि जयप्रकाशला रजा मिळेना. उल्काची रजा तिच्या आईच्या आजारपणात संपलेली. म्हणजे ओवी एकटी जाणार. सुट्टीत गावी नाशिकला जातानासुद्धा जिने कधी एकटीने ट्रेन पकडली नव्हती, ती टोकियोत पकडणार, या विचाराने जयप्रकाशची झोप उडाली.

मग त्याला जे येतं ते त्याने केलं. प्लॅन केला. मोबाइलवरच्या ॲपचा भरवसा नाही म्हणून वेबसाइटवरून वेळापत्रक उतरवून घेतलं. तिथे दोन तक्ते होते, एक कामाच्या दिवसाचा, एक सुट्टीच्या दिवसाचा. रविवारची गाडी त्याने बिनदिक्कत कामाच्या दिवसाच्या तक्त्यातून काढली. कुवेतात एकोणीस वर्षं शुक्रवार-शनिवार सुट्टी खाऊन रविवारी डबा घेऊन निघालेला माणूस दुसरं काय करणार? शिंजुकुहून एक बत्तीसची केशरी पट्ट्याची जलद गाडी, तिसरा थांबा आसागाया, वर वीस मिनिटं हाताशी. कागद लॅमिनेटसुद्धा केला.

ती निघायच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, खैतान भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रंगीत तालीम झाली. जेवणाच्या खुर्च्या म्हणजे डबा. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, पाठीवरची बॅग पुढे घ्यायची, फोन सायलेंट, गाडीत बोलायचं नाही. उल्काने गर्दी व्हायचं नाकारलं.

"अहो, मुलगी टोकियोला चाललीय, युद्धावर नाही," असं म्हणून ती कांदे चिरायला गेली. तक्ता तिनेही पाहिला होता. ओवीनेही पाहिला होता. रविवार म्हणजे आठवड्यातला शाळेचा पहिला दिवस, हे तर ती जन्मापासून बघत आलेली. कुणालाच काही खटकलं नाही.

रविवारी सकाळी साडेसातला जयप्रकाश ऑफिसात होता, तेव्हा टोकियोत दीड वाजला होता. ओवीचं लोकेशन फोनवर दिसत होतं. निळा ठिपका शिंजुकुवर होता, अगदी वेळेवर. खूश होऊन त्याने शेजारच्या टेबलावरच्या तौफीकला विचारलं, "जपानच्या पंपवाल्यांचं उत्तर आलं का?"

तौफीक खेडचा, पंपांचं काम बघणारा. मान वर न करता म्हणाला, "आज कुठलं येतंय? आज रविवार. त्यांची सुट्टी असते, माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतं. दर रविवारी याच खुर्चीत बसून तो त्या सुट्टीला नावं ठेवत असे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही. त्याने दुसरा तक्ता उघडला. सुट्टीच्या दिवशी केशरी गाडी आसागायाला थांबत नव्हती.

त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन सायलेंट, गाडीत बोलायचं नाही. त्यानेच पढवलेलं. पुन्हा लावला. ठिपका निघाला होता, आणि थोड्याच वेळात आसागायावरून न थांबता पुढे गेला. त्याने मेसेज लिहायला घेतला, "थांब तिथेच. मी" आणि पुढचा शब्द बोटाला येईना. अंगठा चुकून लागला आणि मेसेज तसाच अर्धा गेला.

ठिपका पुढच्या स्टेशनावर थांबला. सहा मिनिटं हलला नाही. ती सहा मिनिटं त्याने कशी काढली ते त्यालाच ठाऊक. मग ठिपका उलटा फिरला, आसागायाला आला आणि गल्लीतून चालू लागला. दोन वाजून सात मिनिटांनी तो कॉलेजात शिरला.

सव्वादहाला ओवीचा फोन आला. तिकडे दुपार कलत होती.

"बाबा, इट वेंट वेल, आय थिंक."

"गाडी..."

"थांबलीच नाही. होल स्टेशन समोरून गेलं. मग नेक्स्टला उतरले. एका आजींना तुझा कागद दाखवला, त्यांनी मला प्रत्येक स्टेशनला थांबणाऱ्या पिवळ्या गाडीपर्यंत सोडलं."

"रडलीस?"

"थोडी. मग गाडी आली. तुझा मेसेज आत्ता पाहिला. 'थांब तिथेच. मी.' मी काय?"

नेटवर्क गेलं असं सांगता आलं असतं. शेजारी तौफीक ऐकत होता.

"मी चुकलो," जयप्रकाश म्हणाला.

"इट्स ओके, बाबा. वीस मिनिटं एक्स्ट्रा होती ना. तूच ठेवलेली."

आता परत कशी जाणार, हे ओठांवर आलेलं त्याने गिळलं.

"बाबा, माझी ट्रेन आली. ठेवते," असं म्हणून ओवीने फोन ठेवला.

इतकी वर्षं फोन आधी तोच ठेवायचा, कारण त्याला गाडीची चावी उचलायची असायची.