एकशे सतरावे पान

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी चार-पाच माणसे जमत, आणि रहस्यकथेखेरीज दुसरे काही वाचणे हा वेळेचा अपव्यय आहे, याविषयी त्यांच्यात मतभेद नव्हता. बाकी प्रत्येक बाबतीत होता.

त्यांचे नियम निवृत्त मुख्याध्यापकांनी, म्हणजे मास्तरांनी, घालून दिले होते. ज्याने कादंबरीची शिफारस करायची, त्याने बाइंडरकडून तिचे शेवटचे प्रकरण सुटे करून घ्यायचे आणि स्वतःजवळ ठेवायचे. वाचणाऱ्याने उरलेले पुस्तक आठवडाभर वाचायचे, त्याविषयी कोणापाशी अवाक्षर काढायचे नाही, आणि शनिवारी सर्वांसमोर खुन्याचे नाव सांगायचे, तेही छापील मजकुरातील पुराव्यासह. लागोपाठ तीनदा चुकलेल्याचा शिफारशीचा हक्क जाई. दर्शनी भागातील एका फळीवर मंडळींनी शिफारस केलेली पुस्तके ठेवलेली असत आणि प्रत्येकात शिफारस करणाऱ्याच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी असे. हक्क गेला की चिठ्ठ्याही उतरत.

मास्तरांच्या चिठ्ठ्या पाठपोट भरलेल्या असत. कथानकाची बांधणी, संशयितांची क्रमवारी, लेखकाचे दोष, काही सुटत नसे. त्यांच्या पुस्तकांवरची धूळ ग्रंथपालाला अधूनमधून झटकावी लागे. ऑपरेटरबाई मात्र दोन ओळी लिहीत. ‘सावकाश वाचा. स्वयंपाकिणीची दया येऊ देऊ नका.’ त्या पुस्तकांसाठी लोक नाव नोंदवून थांबत. तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परक्यांची बोलणी जोडून दिलेल्या या बाईंशी त्यांचे यजमान गेल्यापासून कोणी फारसे बोलत नसे. आता भाजी घेतानाही माणसे त्यांना थांबवून पुस्तके विचारत. हे मास्तरांनी पाहिले होते. आणि बाई लागोपाठ दोनदा चुकल्या होत्या, हे त्यांनी मोजले होते.

बाईंनी वाचायच्या तिसऱ्या पुस्तकाची शिफारस मास्तरांनी केली. ते घेऊन ते स्वतः बाइंडरच्या दुकानी गेले.

“शेवटचं प्रकरण काढा. आणि एकशे सतरावं पान.”

बाइंडरने पान उघडून दोन्ही बाजू वाचल्या. “मास्तर, हे काढलं तर ताईंना खुनी सापडणार कसा?”

“तो ताईंचा प्रश्न. शाळेची पुस्तकं यंदा कोणाकडे शिवायला टाकायची, तो निवृत्तीनंतरही माझाच.”

बाइंडरने ब्लेड घेतले. पान मुळातून काढले, त्याच कागदाचा दुसरा अर्धा असलेले, आता सुटलेले जोडपान खळ लावून बसवले आणि पुस्तक दाबाखाली ठेवले. काम नेहमीसारखेच सफाईचे झाले.

बाईंना ती उणीव मंगळवारी दिसली. एकशे सोळानंतर एकशे एकोणीस. दुसरा कोणीही वाचक पुस्तक घेऊन वाचनालयात परत गेला असता. पण शनिवारपर्यंत अवाक्षर काढायचे नाही हा नियम होता, आणि बाई नियम पाळणाऱ्या होत्या. त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले.

शनिवारी मास्तर, दाताचे डॉक्टर, डॉक्टरीणबाई आणि बाइंडर असे चौघे समोर बसले.

“खून धाकट्या बहिणीनं केला,” बाई म्हणाल्या.

“पुरावा?”

“त्या संध्याकाळी कोण कुठं होतं, हे लेखक प्रत्येकाच्या तोंडून वदवतो. पुतण्याचं बत्तिसाव्या पानावर आहे, स्वयंपाकिणीचं एक्काहत्तराव्या. बहिणीचं कुठंच नाही. ते एकशे सतराव्यावर असणार, आणि ते पान या पुस्तकात नाही.”

“म्हणजे नसलेल्या पानाचा पुरावा,” मास्तर म्हणाले. “बाइंडर, पुस्तक तुमच्या हातून गेलं तेव्हा पान होतं?”

बाइंडरने बोटांवरची वाळलेली खळ खरवडली. “होतं. मी मोजूनच देतो.”

“आमची धाकटी मुलगी शाळेत असंच करायची,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उत्तर येईना झालं की पेपरच फाटका मिळाला म्हणायची.”

“वहिनी, फाडलं असतं तर कड उरली असती. हात फिरवून बघा. हे ब्लेडनं काढलंय, आणि जोडपान चिकटवलंय. आठवडाभर मी पुस्तकाला साधा डाग लागू दिलेला नाही.” मग बाई बाइंडरकडे वळल्या. “तुम्ही सांगा. हे काम कोणाचं असतं?”

डॉक्टरांनी चष्मा वर करून पुस्तक न्याहाळले. सगळे बाइंडरकडे पाहू लागले.

“ब्लेड काय, घरोघरी असतं, ताई,” तो म्हणाला. “आणि खळ कणकेचीही होते.”

बाईंनी त्याच्यावरची नजर काढून घेतली. त्यांच्या घरातल्या सगळ्या पुस्तकांची बांधणी त्यानेच केली होती.

“मी हे केलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“केलंत असं कोण म्हणतंय?” मास्तर शांतपणे म्हणाले. “पुरावा नाही, एवढंच म्हणतोय. म्हणजे ही तिसरी चूक. चिठ्ठ्या आजच उतरतील. प्रकरण वाचा, चुकलेल्यानं मोठ्यानं वाचायचं, हा आपला रिवाज.”

त्यांनी खिशातून शेवटचे प्रकरण काढून पुढे केले. बाईंनी ते घेतले आणि वाचू लागल्या. तिसऱ्याच परिच्छेदात धाकट्या बहिणीने कबुली दिली. तिच्या जबानीतली विसंगती गुप्तहेराने उलगडून दाखवली, तशी डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली.

“अगं, नाव बरोबर निघालं की यांचं.”

“तीन नावांतलं एक,” मास्तर म्हणाले. “ठोकून दिलं, बसलं.”

“लेखक मात्र प्रामाणिक हं. सगळं वाचकापुढं ठेवलं होतं त्यानं,” डॉक्टर म्हणाले.

“वाचायला यावं लागतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाई वाचत राहिल्या. बाइंडर उठून बाहेरच्या फळीवरचे एकेक पुस्तक उघडून त्यांच्या चिठ्ठ्या काढत होता. शेवटच्या पानावर बाईंनी दोन वाक्ये भरभर उरकली.

मास्तरांनी हात वर केला. “घाई नको. कबुलीपासून पुन्हा वाचा.”

बाईंनी पाने मागे उलटली आणि पुन्हा सुरुवात केली.