एकोणचाळीस नंबर

“एकोणचाळीस?” श्रीधररावांनी मान वर न करता पुकारलं. उत्तर आलं नाही. त्यांनी फुली मारली आणि हजेरीपट मिटला.

कर्नाटकात, शिवाजीनगरच्या त्या शाळेत ते एकतीस वर्षं गणित शिकवत होते. नंबर पुकारायचा, ‘प्रेझेंट’ ऐकायचं, खूण करायची. अख्खी हजेरी दीड मिनिटात उरके. याचा त्यांना भारी अभिमान होता. निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षात माणसाला असा एखादा अभिमान असू द्यावा. जूनमध्ये नव्याने आलेला एकोणचाळीस नंबर म्हणजे नाव घालून न फिरकलेलं कुणीतरी, असं त्यांनी धरून टाकलं होतं.

तीन आठवडे फुल्याच दिसल्यावर मुख्याध्यापिका रूपश्रीबाईंनी एकोणचाळीस नंबरच्या मुलीच्या वडिलांना बोलावलं. शिवाप्पा ऑटो चालवायचे, मूळचे निपाणीकडचे. श्रीधररावही तिथेच बसले होते.

“रंजिताला रोज येणं जमत नाही असं दिसतंय,” बाई कानडीत म्हणाल्या. “तिला बोलता येत नाही. तशा मुलांच्या वेगळ्या शाळेत घाला. इथलं नाव मी कमी करते.”

“रोज मी स्वतः सोडतोय की, मॅडम.” शिवाप्पा गोंधळून श्रीधररावांकडे वळले आणि मराठीवर आले. “सर, तुम्ही तरी सांगा बघू. खिडकीपाशी बसतीया माझी पोरगी. चार पोरांत शिकावं, एवढंच म्हणणं हाय आमचं.”

खिडकीपाशी. गणितं झटपट सोडवणारी, दोन वेण्यांची ती गप्प मुलगी श्रीधररावांच्या डोळ्यांपुढे आली. तिच्या वहीवर त्यांनीच ‘गुड’ लिहिलं होतं, वरचं नाव न वाचता. हजेरीला ती रोज हात वर करत असणार. हजेरीपटापुढे एका ऑटोवाल्याचं कुणी ऐकलं नसतं. आपण गप्प राहिलो तर प्रकरण इथंच मिटेल, हेही त्यांना कळत होतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

“चूक माझी आहे, मॅडम,” ते म्हणाले. “ती रोज येते. मीच कधी मान वर करून पाहिलं नाही. नाव कमी करू नका. फुल्या खोडून मी खाली सही करतो.”

बाईंनी हजेरीपट त्यांच्याकडे सरकवला. “सरी, ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पण तिचं सगळं तुम्ही बघायचं.”

दुसऱ्या दिवसापासून सर नंबराऐवजी नाव घेऊ लागले आणि दर नावाला मान वर करू लागले. उत्तर कसंही द्या, म्हणाले. वर्गातला अभिमन्यू उभा राहून सलाम ठोकी. रंजिता बाकावर दोनदा टकटक करी. हजेरीला आता सात मिनिटं लागत. त्यापायी अपूर्णांक मागे पडले, ते सरांनी शनिवारी जादा तास घेऊन भरून काढले.

वर्ष संपलं. सरांच्या शेवटच्या दिवशी अभिमन्यू पुढे आला.

“सर, आज तुम्ही बसा. हजेरी आम्ही घेतो.”

नावं त्याने पुकारली, खुणा रंजिताने केल्या. स्वतःच्या नावाला तिने टेबलावर टकटक केलं आणि खूण केली. एकोणचाळीस नावं झाली. मग अभिमन्यू म्हणाला, “श्रीधरराव सर.”

सरांनी तोंड उघडलं. एकच शब्द म्हणायचा होता, पण तो गळ्यातून बाहेर येईना. वर्ग वाट पाहत राहिला. कुणी हसलं नाही. शेवटी त्यांनी खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केलं.

रंजिताने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि आपल्या नावाखालच्या रिकाम्या ओळीत त्यांची खूण केली.