प्यायला योग्य

विनयने वॉर्डच्या बेसिनवर रुमाल भिजवून पिळला, तेवढ्यात मागून डॉक्टर चेतना म्हणाल्या, "सर, वो रुमाल रहने दीजिए."

त्याच्या बायकोच्या, विभाच्या, रक्तातल्या जिवाणूचा पत्ता लागला होता. रक्ताच्या कर्करोगावर केमो चालू होती, पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या आणि चार दिवस ताप उतरत नव्हता. जिवाणूचं नाव इतकं दुर्मीळ, की डॉक्टरांनी ते कागदावर बघून वाचलं.

"अस्पताल के नलों में रहता है. दवा भी इस पर कम ही लगती है."

विनयला आणखी समजावायची गरज नव्हती. लखनौच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं त्याने पाणीच तपासलं होतं. तेलीबागेतले शेजारीही बोअरचं पाणी बाटलीत भरून त्याच्या दारात यायचे. विभाला दाखल केलं त्याच दिवशी, सवयीने, त्याने या नळाचंही पाणी तपासायला नेलं. अहवाल आला: प्यायला योग्य. नर्स बजावत राहिली, नळाचं पाणी लावू नका. तो नुसता हसला. मग रोज दुपारी ओला रुमाल विभाच्या मानेवर, तिथे बसवलेल्या औषधाच्या नळीला अगदी लागून. ती चाचणी धडधाकट माणसांसाठी असते, हा जिवाणू तीत कोणी शोधतच नाही, हे त्यानेच विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"बाबा," खुर्चीतून सानिका, त्यांची मुलगी, रडवेल्या आवाजात म्हणाली, "पर आपने तो टेस्ट किया था न यह पानी?"

विनयने रुमाल बेसिनमध्ये टाकला.

"केलं होतं गं," विभाच बोलली. डोळे मिटलेलेच होते. "पाणी चांगलंच आहे. दुसरीकडून कुठून तरी आलं असेल. तू जा, बाबांना चहा आण."

सानिका गेली. डॉक्टरही पुढच्या पलंगाकडे वळल्या.

"विभा, मीच गं..."

"ऐकलं मी सगळं." तिने डोळे उघडले. "तिला सांगू नका. माझ्यामागे तिला तुम्हीच उरणार आहात."

विनय रडला. इतक्या वर्षांत ती कधी त्याच्यासाठी खोटं बोलली नव्हती.

"मान भाजतेय हो," थोड्या वेळाने ती म्हणाली.

निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या पहिल्या दिवसापासून कपाटात तशाच पडून होत्या. त्याने एक उघडली, नर्सकडून कोरा कापूस मागून घेतला, हात दोनदा धुतले, हातमोजे चढवले आणि नळीपासून चार बोटं दूर तो कापूस टेकवला.

"हे तेवढं गार नाही," विभा म्हणाली, आणि त्याचा हात तिथेच धरून ठेवला.