साडेनऊ सेंटिमीटर

सर्वेक्षणवाल्या बाईंनी नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. एकाचं उत्तर दुसऱ्याला कळता कामा नये. कागदावर दहा सेंटिमीटरची रेघ. आई-बाप झाल्याचा पश्चात्ताप अजिबात नसेल तर डाव्या टोकाला खूण, मरणाचा असेल तर उजव्या.

नवरा पडला सुतार. आधी लाकडावर आखल्याशिवाय त्याचा हात चालतच नाही. कानामागची पेन्सिल काढून त्याने जेवणाच्या टेबलावर तीच रेघ मारली, पट्टी लावली, साडेनवावर खूण केली आणि मग ती कागदावर उतरवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मनातलं कुणी विचारलं होतं. बाईंनी पाकीट चिकटवलं. टेबल कोण चिकटवणार?

बायको पाणी घेऊन आली. रेघ बघितली आणि स्टीलचा जग त्याच्या डोक्यात घातला.

"अहो, साडेनऊ? तिघींना जन्म दिला मी, जागरणं केली मी, आणि मी सातच मांडले! तुम्हाला कुठून आले साडेनऊ? पुसा!"

"मापून केलेली खूण मी पुसत नसतो," रक्त निथळत असतानाही सुतार म्हणाला. तिने पट्टी त्याच्या बोटांवर मोडली. बाई टेबलाखाली शिरल्या.

आवाज ऐकून तिन्ही मुली धावत आल्या. थोरलीने टेबलावरची रेघ बघून विचारलं, "बाबा, एवढा पश्चात्ताप कुणामुळे?"

सुतार हिशेबात चोख. "तिघींचे तीन-तीन. अर्धा माझा स्वतःचा."

"मला धाकटीएवढेच?" मधली किंचाळली. "तुमचं नाक कुणी फोडलं? वखार कुणी पेटवली?" आणि तिने त्याच्या कानाचा लचका तोडला. धाकटीने तिच्या पाठीत स्टूल हाणलं. थोरलीने दोघींच्या झिंज्या धरून डोकी एकमेकींवर आपटली. "मोठी मी आहे! जास्त माझे!"

बायको बघतच राहिली. मग टेबलाखाली वाकली. "बाई, माझं पाकीट फोडा. सात खोडायचेत."

"नियमात बसत नाही हो."

बायकोने बाईंचा गळा धरला. सुतारानेही टेबलाखाली शिरून एका हाताने कान दाबला, दुसऱ्याने त्यांचे पाय धरले. पाकीट टराटरा फाटलं.

"घ्या, साडेनऊ," बायको नवी खूण करून धापा टाकत म्हणाली. "तुमच्याएवढेच. झालं समाधान?"

"झालं गं," सुतार म्हणाला, आणि मुलींच्या हाणामारीत वरून टेबल कोसळलं.