उजवा पाय

मास्तर विमानातून उतरले, आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा स्वतःच्या हातांनी आवळून बांधला आणि दार लावण्याआधी डोकं आत घातलं. "एकच फेरी. वर जायचं, वळसा घालायचा, खाली यायचं. मी शेजारीच आहे असं समज."

"नाही आहात, तेच बरंय," टिल्ली म्हणाली. "तुमच्या घोरण्याचा त्रास तरी नाही."

पोरगी तोंडाची तिखट. उंचीला बेताची, म्हणून अख्खी विमानशाळा तिला टिल्ली म्हणायची. पाठीशी जाड उशी घेतल्याशिवाय तिचे पाय पेडलांपर्यंत पोचत नसत. उशी आईनं शिवून दिलेली.

धावपट्टीच्या कडेला तिचे वडील भरलेली बादली घेऊन उभे होते. तिथली रीतच तशी: पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवून आलेल्याला घरच्या माणसानं नखशिखांत भिजवायचं. वडील बसचे ड्रायव्हर, मुद्दाम रजा टाकून आले होते.

"जरा बेतानं ओता हं," मास्तर म्हणाले.

"छे हो! चांगली न्हाऊ घालतो कार्टीला." हसत त्यांनी बादली या हातातून त्या हातात घेतली.

मास्तरांवर पोरं जीव टाकायची. बाकीचे शिक्षक खेकसायचे, हे कधी आवाज चढवत नसत. शिकणाऱ्याचा हात कमी पडला, पाय कमी पडला, की आपल्या सीटपुढच्या जोड-पेडलांवर, दांड्यावर गुपचूप आपला लावून सावरायचे आणि वर "शाब्बास!" म्हणायचे. इतकी वर्षं हेच केलं, त्यामुळे आपण काही करतोय हेही त्यांच्या ध्यानात येईनासं झालं होतं.

इंजिन गरजलं. विमान पळू लागलं आणि नाक डावीकडे ओढलं गेलं. त्यात नवल काही नाही. इंजिनाला पूर्ण जोर दिला की ते विमान डावीकडे पळतंच, उजवं पेडल दाबून त्याला सरळ ठेवावं लागतं. पण आज जरा जास्तच गेलं, पार गवताच्या कडेपर्यंत. मग सावरलं आणि वर उठलं.

"अहो मास्तर, पाय बघा तुमचा!" वडील खो खो हसले. "आमच्या बसमध्ये पुढच्या सीटवरचे लोक असेच नसलेले ब्रेक दाबत बसतात."

मास्तरांनी खाली पाहिलं. उजवा बूट मातीत रुतला होता. "सवय हो," म्हणत तेही हसले.

टिल्लीनं वळसा झकास घातला. उतरायला आली तीही नीट. पण मास्तरांचं वजन नव्हतं, विमान हलकं झालेलं. ते टेकायलाच तयार होईना. धावपट्टी सरत चालली. मास्तरांनी हातातला रेडिओ तोंडाशी नेला. "टेकवू नकोस. पूर्ण जोर दे आणि पुन्हा वर जा."

"जाते, मास्तर."

हुकूम बरोबर होता, कुणीही तोच दिला असता. इंजिन पुन्हा गरजलं, पण आता वेग अगदी कमी होता, आणि वेग कमी असला की उजवं पेडल आणखीच जोरानं दाबावं लागतं. नाक वर उठलं आणि डावीकडे फिरू लागलं.

"उजवा पाय! टिल्ली, उजवा पाय दाब!"

"दाबलाय मास्तर! दाबलाय!"

मास्तर जीव खाऊन जमीन दाबत होते. आणि त्याच क्षणी त्यांना कळलं. देवा रे, कळलं, पण आता कळून काय उपयोग? डावा पंख खाली गेला, विमान उलटं होऊन कुंपणापलीकडच्या माळावर कोसळलं आणि त्यानं पेट घेतला.

वडील धावले ते बादली घेऊनच. धावता धावता पाणी सगळं हिंदकळून गेलं. आगीपाशी पोचले तेव्हा तळाशी जेमतेम ओंजळभर उरलं होतं. तेही त्यांनी फेकलं. मग लोकांनी त्यांना धरलं.

सगळं विझल्यावर ते ऑफिसातल्या बाकावर बसले, बादली मांडीवर. शाळेचे साहेब मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पोर गोंधळली. तुमचा काही दोष नाही." आणि निघून गेले.

"आखूड पाय माझ्याकडूनच आले हो तिला," वडील म्हणाले. "पोचले नसतील. होय ना?"

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. मास्तरांना तो मोह झालाही.

"पोचले होते," ते म्हणाले. "रोज दाबायची तेवढा तिनं दाबला. उरलेला माझा असायचा. मघाशी तुम्ही हसलात ना, तो पाय. तिला कधी सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. मी आपला शाब्बास म्हणत राहिलो."

वडील कितीतरी वेळ त्यांच्या बुटाकडे बघत होते. आता ही बादली आपल्या डोक्यात घालतील, असं मास्तरांना वाटलं. घालावी, असंही वाटलं.

"म्हणजे तुम्ही ओरडलात," वडील सावकाश म्हणाले, "तेव्हा ती तुम्ही शिकवलंत तसंच करत होती."

"हो."

"आणि तरी विमान ऐकत नव्हतं."

वडिलांनी बादली जमिनीवर ठेवली, तोंडावर दोन्ही हात घेतले आणि ते ओक्साबोक्शी रडू लागले.